नवाच्या बाजूची गुल्ली

गजू,

आज सकाळी मी तुझं पाकीट उघडलं. उघडायला बारा दिवस लागले. जिने तीस वर्षं नागपूरच्या महाल भागात बसून लोकांची बंद पडलेली घड्याळं उघडली, तिला सख्ख्या धाकट्या भावाचं एक खाकी पाकीट उघडवेना, हे कुणी तुला सांगितलं असतं तर तू पोट धरून हसला असतास. हस खुशाल. पण आधी सगळं ऐकून घे.

लोक म्हणाले, भाऊ गेला आणि ताई पार खचली. दुकान बंद, बोलणं बंद, डोळ्यांत पाणी नाही. बायका कुजबुजायच्या, हिला रडवा गं कुणीतरी, नाहीतर हिचं काही खरं नाही. खरी गोष्ट मी त्यांना कशी सांगणार होते? मला रडायला सवडच झाली नाही. मी घाबरले होते. तुझ्या मरणाला माझा हात लागलाय, असं वाटून मी घाबरले होते.

तार आली तेव्हा डोळ्याला भिंग लावून मी एका मास्तरांच्या घड्याळाची बारीक कमानी सरळ करत होते. तारेत एवढंच, की गजाननचा जहाजावर अपघात झाला, तो गेला, आणि शवपेटी मेलगाडीने येतेय. दुसरी कुणी बहीण असती तर तिने पहिला प्रश्न विचारला असता, अपघात झाला कसा? मी कुणालाच विचारलं नाही. माझ्या मनात एकच गोष्ट आली. तुझ्या घड्याळाच्या नवाच्या आकड्याच्या बाजूला, भोक बुजवायला मी बसवलेली पितळेची गुल्ली. चिमट्यातली कमानी कुठे उडून गेली ते मला अजून कळलेलं नाही.

पेटी आली. तुझं तोंड उघडून दाखवलं, आणि उजव्या डोळ्यावरून कानापर्यंत पांढरी पट्टी. बाकी चेहरा तसाच, झोपेत हट्ट करणारा. सगळ्यांनी हंबरडा फोडला. मी त्या पट्टीकडे बघत राहिले. डोळा, गजू. नेमका डोळा. घड्याळाची काच उडाली की जिथे लागेल तिथेच लागलं होतं. कंपनीचा जो माणूस पेटीसोबत आला होता तो हापिसातला, कोऱ्या शर्टातला, त्याला समुद्राचं काही ठाऊक असेल असं दिसत नव्हतं. तो म्हणाला, "पाणबुड्यांच्या चेंबरमधून बाहेर यायचेच दिवस होते हो." मला तेवढंच पुरलं. पुढचं ऐकायला लागू नये म्हणून मी पाणी आणायचं निमित्त केलं आणि माझा वाकडा पाय ओढत आत गेले.

जाताना त्याने ते पाकीट हातात दिलं. तुझं पासबुक, कंगवा, आणि घड्याळ. मी पाकीट उचललं आणि आत टिकटिक सुरू झाली.

मी किंचाळले. पाकीट खाली पडलं. आता तूच सांग, अशा घड्याळाला चावी द्यावी लागत नाही, हात हलला की आतलं वजन फिरतं आणि कमानी गुंडाळली जाते, हे मला माहीत नाही का? शंभर गिऱ्हाइकांना मी हे समजावून सांगितलंय. पण त्या दिवशी मला वाटलं, तूच आतून काहीतरी सांगतोयस. थोड्या वेळाने ते थांबलं. मग मी ते पाकीट न उघडताच फडक्यात गुंडाळून घराला लागून असलेल्या दुकानातल्या टेबलाच्या खणात ठेवलं आणि कुलूप लावलं. रोज त्या खणाजवळून जाताना हळू चालायची, जमीन हलून ते परत सुरू होऊ नये म्हणून.

तुला माझी भीती नवी नाही. तू आठ वर्षांचा असल्यापासून मला घाबरवत आलास. आपल्या त्या शुक्रवारी तलावाच्या पायऱ्यांवर मला बसवायचास, बाबांचं मनगटी घड्याळ माझ्या हातात द्यायचास, आणि "ताई, मोज वं" म्हणून बुडी मारायचास. मी सेकंदकाट्याकडे बघत बसायची. तीस. चाळीस. पोलिओ झालेल्या पायाची मुलगी, मला पाण्यात उतरता येत नव्हतं, पळत जाऊन कुणाला बोलावता येत नव्हतं. पन्नास. तू बुडतोयस आणि मी तुझ्या बुडण्याची वेळ मोजतेय असं मला वाटायचं. मग तू भलतीकडूनच डोकं वर काढायचास आणि वर मलाच म्हणायचास, "काहून रडून राहिली वं? मी का मेलो काय?"

एकदा तू मुद्दाम जास्त थांबलास. मी उभी राहून ओरडले आणि बाबांचं घड्याळ हातून निसटून तलावात गेलं. तू तीन बुड्या मारून ते काढलंस. बाबांनी तुला बदडलं, मला काही केलं नाही, फक्त समोर बसवलं आणि ते घड्याळ उघडून दाखवलं. चाकांमध्ये हिरवा गाळ. "पाहून घे," ते म्हणाले, "पाणी एकदा आत शिरलं का घडी मेली. पाण्याले आत याची वाट दिसलीच नाही पाहिजे." तोच माझा पहिला धडा. त्याच वर्षी त्यांनी मला त्यांच्या शेजारचं स्टूल दिलं. तू पाण्याकडे गेलास आणि मी पाणी आत येऊ न देण्याच्या धंद्यात पडले, दोघं एकाच दुपारी.

बाबा गेले तेव्हा काका म्हणाले होते, बाईमाणूस दुकानात बसून घड्याळं दुरुस्त करणार, कोण देईल तिच्या हातात घड्याळ? तू तेव्हा नौदलातून सुट्टीवर आलेला, डोक्यावर बोटभर केस. सगळ्यांसमोर स्वतःचं घड्याळ काढून माझ्या पुढ्यात ठेवलंस. "मी देतो. आजपासून माही घडी ताईशिवाय कोनी खोलणार नाही." काका उठून गेले. तुझे आभार मानायचे तेव्हा राहून गेले ते राहूनच गेले.

तो शब्द तू पाळलास, आणि तिथेच घात झाला.

नौदल सोडून तू मुंबईच्या समुद्रात तेलविहिरींच्या कामावर पाणबुडा म्हणून लागलास. पहिल्याच सुट्टीत ते घड्याळ घेऊन आलास. जाडजूड, काळ्या तबकडीचं, फिरत्या कड्याचं. एक गोरा पाणबुडा काम सोडून जाताना तुला देऊन गेला होता. "नवं काम खूप खोल आहे ताई, तिथे हेच लागते. पण काचेतून पाणी दिसून राहिलं." खरंच काचेच्या आतून धुकं धरलं होतं. मी म्हटलं, ठेव, आणि मुलगी बघायला जायचा सदरा शिवायला टाकून ये. तू सदऱ्याचं नाव ऐकून पळालास.

मी आतलं यंत्र काढून ठेवलं, घड्याळाचा बाहेरचा रिकामा केस बंद केला आणि बाबांच्या पद्धतीने कोमट पाण्याच्या पातेल्यात बुडवला. आतली हवा तापली की जिथे भोक असेल तिथून बुडबुडे येतात. चावीकडून एकही नाही. मागच्या झाकणाकडून नाही. आणि केसच्या डाव्या अंगाला, नवाच्या आकड्यापाशी, एक चपटी टिकली होती, तिच्या कडेने बारीक बारीक बुडबुड्यांची माळ. मी चिडलेच. पाण्यात घालायचं घड्याळ आणि त्याला कुणा शहाण्याने बाजूला भोक पाडून ठेवलंय! टिकली काढली तर आत केसासारखी बारीक स्प्रिंग आणि झिजलेली रबरी रिंग. हे कशासाठी, असा प्रश्न मला पडला होता, गजू. खोटं नाही सांगत. पडला होता आणि मी तो उडवून लावला. चावी नाही, काटा नाही, त्या भोकाला काही काम दिसेना. कुणीतरी आधी वेडीवाकडी दुरुस्ती केली असणार, असं मी ठरवून टाकलं.

लेथवर पितळेची गुल्ली उतरवली. तीनदा उतरवली, मापात येईपर्यंत. दोन नळ्यांतून येतो तो डांबरासारखा गोंद कालवून पक्की बसवली, वरून घासून केसच्या पातळीत आणली. बोट फिरवलं तर लागत नव्हती. पुन्हा कोमट पाण्यात घातलं. एक बुडबुडा नाही. माझ्या आयुष्यात तेवढं सुरेख काम मी दुसरं केलं नाही. तुला दाखवलं तर तू बोट फिरवून म्हणालास, "एक नंबर, ताई." ते घालून तू गेलास.

पुढच्या सुट्टीत तू चेंबरचं सांगितलंस. ओट्यावर बसून पोह्यांचा फडशा पाडत होतास. जहाजावर लोखंडी खोली असते, पिंपासारखी आडवी. आत सहा जण. खाली जेवढा दाब तेवढाच त्या खोलीत करतात आणि तुम्ही तिथेच दोन-तीन आठवडे राहता, तिथूनच घंटेच्या आकाराच्या डब्यात बसून खाली कामाला जाता, परत तिथेच झोपता. साधी हवा त्या दाबाला चालत नाही म्हणून तिच्यात हेलियम, फुग्यातला वायू. जेवण एका छोट्या दुहेरी दारातून आत सरकवतात. सगळ्यांचे आवाज बदकासारखे होतात. तू नाकातून "ताई, पोहे वाढ वं" असं म्हणून दाखवलंस आणि मला ठसका लागला. बाहेर यायचं तर दाब हळूहळू, चार-चार दिवस लावून कमी करतात. घाईने दार उघडलं तर माणूस जागेवर संपतो. मी म्हटलं, "अरे, मग कशाला जातोस?" तू म्हणालास, "कोनी तरी गेलंच पाहिजे ना." त्या दिवशी तू सगळं सांगितलंस. घड्याळाचं सोडून. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते मागच्या उन्हाळ्यात, इतवारी बाजारात. घड्याळांचे सुटे भाग विकणाऱ्या हातिमभाईंकडे रबरी रिंगा घ्यायला गेले होते. आता सगळे सेलची घड्याळं मागतात म्हणून म्हातारा जुन्या परदेशी कंपन्यांची पुस्तकं आवरत बसला होता. एका पानावर तुझं घड्याळ. तसंच नाही, पण भाऊबंद. उभं कापून दाखवलेलं चित्र, आणि डाव्या अंगाला ती टिकली, ती स्प्रिंग, ती रिंग, बाणाची खूण करून. बाण आतून बाहेर होता. मी हसत म्हटलं, "भाई, ये बाजू का छेद किसलिए?"

हातिमभाईंनी चष्मा वर सरकवून वाचलं. "बहन, ये पानी के लिए नहीं. ये गैस के लिए है. वो लोग कमरे में रहते ना दबाव में, तो हेलियम इतनी बारीक होती के रबर में से भी अंदर घुस जाती. घुसती धीरे धीरे. फिर जब दबाव उतरता, तो निकलने को टाइम नहीं मिलता. अंदर जोर, बाहर कुछ नहीं. तो ये झडप अपने आप खुलती, अंदर का बाहर छोडती, बंद हो जाती. बाहर का अंदर नहीं आने देती."

"और बंद कर दी तो?"

"तो काँच जाएगी. गोली जैसी जाएगी."

मी रिंगा तिथेच विसरले. इतवारीतून महालापर्यंत सायकलरिक्षात बसून आले आणि सगळ्या वाटेत माझे दात वाजत होते, भर मे महिन्यात. कुकरच्या शिट्टीला गुल्ली ठोकून मी तो तुझ्या मनगटाला बांधला होता. माणूस झोपला की हात कुठे ठेवतो? तू तर लहानपणापासून हात डोळ्यांवर आडवा टाकून झोपणारा.

बाबांनी मला बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही एवढंच शिकवलं होतं. आतलं कधी बाहेर सोडावं लागतं, हे नागपुरात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या कुणाच्या डोक्यात यावं? इथे धूळ असते, घाम असतो, फार तर विहिरीत पडलेलं घड्याळ असतं. हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं. एकदाही पटलं नाही.

त्या दिवसापासून घरात कुकर लावला नाही. शेजारच्या घरातली शिट्टी वाजली तरी हातातला चिमटा सुटायचा.

तुला मी सात पत्रं लिहिली, गजू. "ते घड्याळ घालू नकोस." एवढंच लिहायचं होतं. प्रत्येक वेळी लिहून फाडलं. का ते सांगते, लाज सोडून सांगते. लिहिलं असतं तर तू कारण विचारलं असतंस. कारण सांगितलं असतं तर काकांसमोर तू माझ्या पुढ्यात ठेवलेलं ते घड्याळ... तुझा तो शब्द... मला ते सगळं परत घ्यावं लागलं असतं. आणि तुझी पत्रं यायची, "तुही घडी एक नंबर चालून राहिली." मी स्वतःची समजूत घालायची, इतक्या खेपा झाल्या, काही झालं नाही, म्हणजे पुस्तकातलं सगळंच खरं नसतं. दिवाळीला येईल तेव्हा गुपचूप गुल्ली काढून नवी झडप बसवीन, त्याला कळणारही नाही. असा डाव रचून मी हातिमभाईंकरवी मुंबईहून झडप मागवूनसुद्धा ठेवली.

दिवाळीला तू आलास. फराळाचं ताट पुढे करून मी शक्य तितक्या सहज म्हटलं, "दे रे घड्याळ, तेल घालून देते."

तू दुसऱ्या हाताने मनगट झाकलंस. "राहू दे ना वं. चांगली तर चालून राहिली."

"चार वर्षं झाली. आतलं तेल सुकतं."

"माहं नाही सुकत."

"गजू, दे म्हटलं ना."

"काहून मागे लागली वं? मले सुट्टी आहे, घडीलेबी सुट्टी."

मी रागावले. तूही रागावलास. मी म्हटलं, एवढी मोठी झाली का तुझी अक्कल, तुला काय कळतं घड्याळातलं? तू ताट तसंच सोडून बाहेर गेलास. पाच दिवस ते घड्याळ तू आंघोळीलाही काढलं नाहीस. निघताना रिक्षात बसून म्हणालास, "ताई, राग नको धरू. तुह्या हातचं काम आहे ते, कोनाले हात लावू देत नाही मी." मी तोंड फिरवलं. आपलं शेवटचं बोलणं ते. ओरडून सांगायला हवं होतं मी, भर रस्त्यात, की काढ ते, फेकून दे. मी तोंड फिरवून उभी राहिले.

म्हणून तारेनंतर मी कुणाला काही विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं. चुलतभावाने घाटावर तुला अग्नी दिला तेव्हा बायकांच्या घोळक्यात घरी बसून मी पुटपुटत होते, काच, काच, काच. दुकानाची किल्ली काकांना देऊन टाकायची असं ठरवलं होतं. गिऱ्हाइकांची घड्याळं ज्याची त्याला परत पाठवायची यादी केली. हे हात पुन्हा कुणाच्या घड्याळाला लावायचे नाहीत.

काल तुझं तेरावं झालं. जेवणं चालली असताना दारात एक उन्हाने रापलेला, रुंद खांद्यांचा माणूस उभा राहिला. कोकणातला कदम. तुझ्याबरोबर चेंबरमध्ये राहणारा. पत्रातून मला तो ठाऊक होता, घोरतो म्हणून. हा तिथे होता. याने पाहिलं असणार. आता हा सांगेल.

मी त्याला जेवायलाही न सांगता दुकानात नेलं आणि दार लोटून घेतलं. म्हटलं, "काच डोळ्यात गेली ना?"

"कसली काच?" कदम म्हणाला.

"घड्याळाची. मीच बुजवली होती झडप. मला माहीत आहे सगळं. सांगून टाका."

तो बाबांच्या स्टुलावर बसला. "ताई, गजा चेंबरमधून ठणठणीत बाहेर आला हो. सकाळी आलो आम्ही दोघे बाहेर. डेकवर चहा पीत उभा होता. क्रेनची तार तुटली, तिचा फटका डोक्याला बसला. त्याला कळलंसुद्धा नाही. घड्याळाचा काही संबंध नाही."

मी म्हटलं, खोटं बोलताय. तो म्हणाला, आईशपथ. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. चार वेळा सांगायला लावलं मी त्याला, बिचाऱ्याला. मग मी जमिनीवरच बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले ते तेव्हा, आणि लाज वाटते सांगायला, पहिल्यांदा रडले ते सुटल्यासारखं वाटून. तू गेला होतास ते गेलाच होतास.

कदम हळूच म्हणाला, "पण झडपेचं तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

तो हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. म्हणाला, पहिल्याच खेपेला एका गोऱ्याने तुझं मनगट धरलं आणि ती गुल्ली बघून बोंब मारली, हा माणूस बॉम्ब घालून बसलाय! तेव्हापासून तुझा नेम ठरला. दाब उतरायला लागला की पहिलं काम, घड्याळाची चावी आटे फिरवून उघडायची आणि चारही दिवस उघडीच ठेवायची, म्हणजे आतला वायू त्या वाटेने जातो. बाहेर आल्यावर परत आटे फिरवून बंद. एकदा तुला ताप होता, तू विसरलास. अर्ध्यावर आठवण झाली. मग घड्याळ ओल्या टॉवेलात गुंडाळून, तोंड फिरवून, टॉवेलात हात घालून तू अंदाजाने चावी उघडलीस, आणि बाकी पाच जण पांघरुणं डोक्यावर घेऊन कोपऱ्यात. फुस्स आवाज झाला म्हणे. कदमला त्याची गंमत वाटत होती. माझ्या अंगावर काटा आला होता, अजून येतो.

"मी म्हटलं त्याला," कदम सांगत होता, "मुंबईत दहा मिनिटांत नवी झडप बसेल, कशाला जिवाशी खेळतोस? तर ऐकायला तयार नाही. म्हणायचा, ताईले समजलं का तिच्या हातून असं झालं, तर ती पुन्हा कोनाची घडी हातात घेणार नाही. मी ओळखतो तिले. आणि दुसऱ्याकडे दिली तरी तिले दिसन का कोनी खोलली. एक चावी उघडाची, त्यात काय मोठं?"

गजू, दिवाळीत तू मनगट का झाकलंस ते मला काल कळलं. मी झडप बदलीन याची तुला भीती नव्हती. मी चावी बघीन याची होती. इतक्या वेळा उघडून-लावून चावीचे आटे झिजतात, आणि झिजलेले आटे माझ्या नजरेतून सुटले नसते. मी तुझ्यापासून लपवत होते आणि तू माझ्यापासून, आणि मध्ये फराळाचं ताट. दोघांपैकी एकाने तोंड उघडलं असतं तर तेवढं ताट तरी तू संपवून गेला असतास. मला तुझा राग येतो, खरंच येतो. माझं मन राखायला डोळा पणाला लावायला कुणी सांगितलं होतं तुला? आणि ज्या माणसाने चार वर्षं मला सांभाळून घेतलं, त्याच्याकडे पाठ करून मी उभी राहिले.

कदम संध्याकाळच्या गाडीने गेला. आज सकाळी मी आंघोळ करून दुकान उघडलं. भीती अजून गेलेली नाही, फक्त निराळी झाली आहे. आता माझ्या हातून चूक झाली तर मला न कळवता ती निस्तरणारं कोण आहे? काकांना किल्ली मात्र दिली नाही. देऊ शकत नाही. तू चार वर्षं ज्यासाठी जीव मुठीत धरलास ते मी एका सकाळी कसं देऊन टाकू?

खण उघडला. फडकं सोडलं, पाकीट उघडून घड्याळ हातात घेतलं. हलल्याबरोबर ते परत टिकटिक करायला लागलं, आणि मी ह्या वेळी सोडलं नाही. काच शाबूत होती, एक चरा नाही. डाव्या अंगाला गुल्ली, बोट फिरवलं तर लागत नाही अशी. मग उजवी बाजू वळवली आणि भिंग लावलं.

चावी उघडी होती. पुरती बाहेर, आट्यांवरून सुटलेली. आटे झिजून चकचकीत. त्या सकाळी तू चेंबरमधून बाहेर आलास, आधी चहा घेतलास, आणि चावी परत लावायची राहून गेली.

मी ती हळूच आत दाबली. झिजलेले आटे पटकन धरत नव्हते, दोनदा सुटले. तिसऱ्यांदा धरले. मग मी ती फिरवत फिरवत घट्ट बंद केली. तुझं तेवढंच काम राहिलं होतं, गजू.